इनॉग्युरेशन, शकुन आणि आपण

‘इनॉग्युरेशन’ हा शब्द आता इंग्रजी राहिलेला नाही. दुकानाचे इनॉग्युरेशन, जिमचे इनॉग्युरेशन, मोहल्ल्यातल्या क्रिकेट स्पर्धेचे इनॉग्युरेशन. पत्रिका मराठीत छापलेली असो की उर्दूत, बोलताना हाच शब्द तोंडात येतो. अर्थ विचारला तर मराठी माणूस सांगेल ‘उद्घाटन’, उर्दू बोलणारा सांगेल ‘इफ्तिताह’. नव्या कामाची रीतसर सुरुवात, एवढाच त्याचा आजचा अर्थ.

मध्यंतरी शिक्षकांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक संदेश फिरत आला. इनॉग्युरेशन या शब्दाच्या मुळाशी रोमन लोकांची पक्ष्यांवरून शकुन पाहण्याची प्रथा आहे, म्हणून हा शब्द वापरणे म्हणजे शिर्क, अल्लाहच्या सत्तेत दुसऱ्याला भागीदार करणे. सबब मुसलमानाने तो टाळावा, असे त्यात लिहिले होते. दुसऱ्या एका ग्रुपवर उलट्या दिशेचा संदेश होता. ‘सुरुवात’ हा शब्द मूळचा अरबी, म्हणून खऱ्या मराठी माणसाने ‘आरंभ’च म्हणावे! मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते. त्यामुळे दोन्ही संदेश माझ्यापर्यंत पोहोचले आणि दोन्हींवर माझे मत विचारले गेले. ते मत सविस्तर मांडायचे तर आधी त्या शब्दाचा इतिहास नीट पाहिला पाहिजे, कारण पहिल्या संदेशातली माहिती खरी आहे. चूक आहे ती त्यातून काढलेल्या निष्कर्षात.

प्राचीन रोममध्ये ‘ऑगर’ नावाचे पुरोहित असत. त्यांचे काम म्हणजे देवांची संमती आहे की नाही हे ओळखणे. हातात वाकड्या टोकाची काठी घेऊन ऑगर आकाशाचा एक भाग आखून घेई आणि त्या चौकटीत कोणते पक्षी दिसतात, कोणत्या बाजूने उडतात, कसे ओरडतात यावरून कौल सांगे. या आखलेल्या जागेला लॅटिनमध्ये ‘टेम्प्लम’ म्हणत. इंग्रजीतला ‘टेंपल’ हा शब्द त्यातूनच आला. असा कौल घेऊन एखाद्या पुरोहिताला पदावर बसवणे किंवा एखादी जागा पवित्र ठरवणे, याला लॅटिन क्रियापद होते ‘इनॉगुरारे’. आपले इनॉग्युरेशन ते हेच. रोमचा दुसरा राजा नुमा याने गादीवर बसण्यापूर्वी असा कौल मागितला आणि ऑगरने त्याला टेकडीवर नेऊन दक्षिणेकडे तोंड करून बसवले, अशी कथा इतिहासकार लिव्ही सांगतो.

खुद्द रोम शहराची जन्मकथाही पक्ष्यांचीच आहे. रोम्युलस आणि रीमस या जुळ्या भावांत नगर कोणी वसवायचे यावर वाद झाला. दोघे दोन टेकड्यांवर जाऊन बसले. रीमसला आधी सहा गिधाडे दिसली, रोम्युलसला नंतर बारा. एक म्हणाला मला आधी दिसली, दुसरा म्हणाला मला जास्त दिसली. भांडण वाढले आणि रीमस मारला गेला. ज्या शकुनाने वाद मिटायचा, त्याच शकुनावरून भावाने भावाचा जीव घेतला. ही कथा रोमन लोक स्वतःच सांगत, हे विशेष.

‘ऑस्पिशियस’ हा शब्दही याच घरातला. लॅटिनमध्ये ‘आविस’ म्हणजे पक्षी आणि ‘स्पेकेरे’ म्हणजे पाहणे. पक्षी पाहून जे शुभ ठरले ते ऑस्पिशियस. आपल्या पत्रिकांवर ‘यांच्या संयुक्त विद्यमाने’ असे छापतात, त्यासाठी इंग्रजीत ‘अंडर द ऑस्पिसेस ऑफ’ म्हणतात. तिथेही तोच पक्षी बसलेला आहे.

रोमन सैन्य मोहिमेवर जाताना पिंजऱ्यात कोंबड्या घेऊन जाई. लढाईपूर्वी त्यांना दाणे टाकायचे. अधाशासारखे खाल्ले तर शुभ, तोंड फिरवले तर अशुभ. इ.स.पूर्व २४९ मध्ये सिसिलीतल्या द्रेपाना इथे कार्थेजच्या आरमारावर हल्ला करण्यापूर्वी कोंबड्या खाईनात. सेनापती क्लॉडियस पुल्कर वैतागला आणि खात नाहीत तर पाणी तरी पिऊ देत असे म्हणून त्याने त्या समुद्रात फेकून दिल्या. लढाईत त्याचा दारुण पराभव झाला. पॉलिबियसच्या नोंदीनुसार रोमनांची ९३ जहाजे शत्रूच्या हाती लागली. लोकांनी ठरवून टाकले की पवित्र कोंबड्यांचा अपमान भोवला. प्रत्यक्षात कार्थेजच्या सेनापतीने आपली जहाजे वेळेत बंदराबाहेर काढली आणि रोमनांना किनाऱ्याशी कोंडून धरले, म्हणून ते हरले. पण डावपेच कुठे चुकला हे तपासण्यापेक्षा कोंबडीवर बोलणे सोपे असते.

पुढे पुढे तर शकुन हे राजकारणाचे हत्यार झाले. इ.स.पूर्व ५९ मध्ये ज्युलियस सीझरचा सहकारी कॉन्सल बिब्युलस याला सीझरचे कायदे अडवायचे होते. तो घरात बसून राहिला आणि मी आकाशात शकुन पाहतो आहे असे जाहीर करत राहिला, कारण असे निरीक्षण चालू असताना सभेचे कामकाज नियमबाह्य ठरे. सीझरने त्याला न जुमानता कायदे करून घेतले. आणि सिसेरो? तो स्वतः ऑगर होता, तरी भविष्यकथनावर लिहिलेल्या ग्रंथात त्याने या विद्येवर कठोर शंका घेतल्या. म्हणजे अंधश्रद्धा चालवणाऱ्यांचाच तिच्यावर विश्वास नसणे हा प्रकार फार जुना आहे.

सोळाव्या शतकात हा शब्द इंग्रजीत आला तेव्हा पक्षी केव्हाच उडून गेले होते. उरला होता फक्त समारंभ. ३० एप्रिल १७८९ रोजी न्यूयॉर्कमध्ये जॉर्ज वॉशिंग्टन यांनी अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष म्हणून शपथ घेतली, तेव्हापासून तिथल्या शपथविधीला इनॉग्युरेशन म्हणतात. पूर्वी तो ४ मार्चला होई, १९३७ पासून २० जानेवारीला होतो. ती तारीख घटनादुरुस्तीने ठरली, गिधाडे मोजून नव्हे.

आता कोणी म्हणेल, रोमन लोक भोळे होते. पण आपल्या घरात काय आहे ते पाहू. संस्कृतात ‘शकुन’ या शब्दाचा अर्थच पक्षी. महाभारतात मेनकेने वनात सोडून दिलेल्या मुलीला पक्ष्यांनी सांभाळले, म्हणून कण्व ऋषींनी तिचे नाव शकुंतला ठेवले. पक्ष्यावरून जे कळते ते शकुन, आणि वाईट कळले तर अपशकुन. मराठी मुलखात आजही भारद्वाज दिसला की दिवस चांगला जाणार, दारात कावळा ओरडला की पाहुणा येणार, रात्री टिटवी ओरडली की कोणाचे तरी काही बरे नाही, असे मानणारे घरोघरी आहेत. घुबडाबद्दल तर बोलायलाच नको. शेतातले उंदीर खाऊन शेतकऱ्याचे धान्य वाचवणारा हा पक्षी केवळ चेहऱ्यामुळे बदनाम झाला.

अरबस्तानातही हेच होते. अरबीत पक्ष्याला ‘तैर’ म्हणतात. उर्दूत ‘ताइर’ म्हणजे पक्षी आणि ‘तय्यारा’ म्हणजे विमान, हे माझ्या सातवीच्या मुलांनाही माहीत असते. त्याच धातूपासून ‘तियरा’ हा शब्द झाला. त्याचा अर्थ अपशकुन मानणे. इस्लामपूर्व काळातला अरब प्रवासाला निघताना पक्षी उडवून पाहत असे. उजवीकडे गेला तर निघायचे, डावीकडे गेला तर घरी परतायचे. म्हणजे लॅटिन, संस्कृत आणि अरबी या तीन वेगळ्या भाषा, त्यांत अरबी तर वेगळ्या भाषाकुळातली, आणि तिन्हींत पक्षी आणि शकुन एकाच शब्दात अडकलेले. माणसाला उद्याची भीती वाटते आणि उद्या काय होणार हे उंचावरून उडणाऱ्याला दिसत असेल, असे त्याला वाटते. यात कोणा एका धर्माला किंवा देशाला हसण्यासारखे काही नाही.

या प्रथेवर प्रेषित मुहम्मद (स.) यांनी स्पष्ट शब्दांत घाव घातला. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत आलेल्या एका प्रसिद्ध वचनाचा आशय असा की पक्ष्याच्या अपशकुनाला अर्थ नाही, घुबडाच्या समजुतीला अर्थ नाही आणि सफरलाही अर्थ नाही. घुबडाची समजूत अशी होती की खून झालेल्या माणसाचा सूड घेतला नाही तर त्याच्या डोक्यातून घुबड निघून ओरडत राहते. ‘सफर’ म्हणजे सफर महिना अशुभ मानण्याची रूढी, असा अर्थ अनेक भाष्यकारांनी दिला आहे. त्याच वेळी चांगला शब्द मला आवडतो, असेही प्रेषितांनी सांगितले. कोणी शुभ बोलले, मनाला उभारी आली, तर त्याला हरकत नाही. पण कोणी पाऊल मागे घ्यायला लावत असेल, तर त्याला मानू नका.

आणखी एक प्रसंग फार बोलका आहे. प्रेषितांचा लहानगा मुलगा इब्राहीम वारला त्या दिवशी सूर्यग्रहण लागले. लोक म्हणू लागले, प्रेषितपुत्राच्या मृत्यूने सूर्यही काळवंडला. एखाद्या नेत्याने अशी समजूत वाढू दिली असती. प्रेषितांनी दुःखाच्या त्या दिवशीही लोकांना सांगितले की सूर्य आणि चंद्र कोणाच्या जन्मामुळे किंवा मृत्यूमुळे ग्रासले जात नाहीत. हदीसमध्ये याची नोंद आहे. शव्वाल महिन्यात लग्न करणे अरब अशुभ मानत. हजरत आयशा सांगत की माझे लग्न शव्वालमध्येच झाले, आणि आपल्या नात्यातल्या मुलींची लग्ने त्याच महिन्यात व्हावीत असे त्यांना वाटे. अशुभ म्हटलेल्या महिन्याला त्यांनी असे उत्तर दिले.

मग इनॉग्युरेशन हा शब्द टाकून द्यायचा का? माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. शब्दाचा जन्म कुठे झाला याला इतिहासात महत्त्व आहे, पण बोलणाऱ्याच्या मनात जो अर्थ आहे तोच त्याचा अर्थ. असे मानले नाही तर आपल्याला तोंड उघडणेच कठीण होईल. जानेवारी हा महिना जेनस या रोमन देवाच्या नावाचा, जो दारांचा आणि आरंभाचा देव होता. मंगळवार, शुक्रवार हे वार ग्रहदेवतांचे. जुम्याची नमाज पढून आलेला माणूस मराठीत बोलताना ‘शुक्रवारी भेटू’ म्हणतो, तेव्हा तो शुक्राचार्यांची आराधना करत नसतो. शाळेतले शिक्षक ‘आज नव्या धड्याचा श्रीगणेशा करू’ म्हणतात आणि मदरशातले उस्ताद ‘चला, बिस्मिल्ला करा’ म्हणतात. दोघांना एकच गोष्ट सांगायची असते : पुस्तक उघडा.

हेच उत्तर दुसऱ्या संदेशालाही लागू आहे. ‘सुरुवात’ हा शब्द अरबी ‘शुरू’पासून आला हे खरे. पण तो मराठीत इतका मुरला की त्याला परका म्हणणाऱ्यालाही आपल्या भाषणाची ‘सुरुवात’ करावी लागते. शिवाजी महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोश तयार झाला, त्यात फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले. पुढे सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ केली, ‘तारीख’ऐवजी ‘दिनांक’ दिला. दिनांक रुजला, उपयोगी ठरला, आणि तारीखही राहिली. कोर्टात आजही तारीखच पडते. नवा शब्द घडवण्यात वाईट काही नाही, भाषा त्याने श्रीमंतच होते. पण जुन्या शब्दाची जात विचारून त्याला दाराबाहेर काढणे हे भाषेचे काम नाही.

शिवाय या बाबतीत एक मजेदार गोष्ट आहे. ‘उद्घाटन’ या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ उघडणे. ‘इफ्तिताह’ हा अरबीच्या फे-ते-हे या धातूपासून झालेला, त्याचाही अर्थ उघडणे. कुरआनाचा पहिला अध्याय ‘फातिहा’ म्हणजे उघडणारा. ‘फतह’ म्हणजे विजय, मुळात उघडणे. तीच मराठीत ‘फत्ते’ झाली आणि मावळ्यांच्या तोंडी बसली. ‘मिफ्ताह’ म्हणजे किल्ली. संस्कृत आणि अरबी या दोन्ही भाषांनी सुरुवातीसाठी जो शब्द निवडला, त्यात पक्षी नाही, बंद दार उघडणारा हात आहे. मला स्वतःला हे दोन शब्द जास्त आवडतात. पण कोणी इनॉग्युरेशन म्हणाले तर त्याच्या इमानावर मी शंका घेणार नाही.

शंका घ्यायची ती आपल्या वागण्यावर. शब्दातला पक्षी दोन हजार वर्षांत उडून गेला, मनातला अजून बसलेला आहे. ज्या घरांत इनॉग्युरेशन शब्दावर चर्चा होते, त्याच घरांत सफर महिना लागला की लग्नाची बोलणी थांबतात. दख्खनच्या मुसलमानांत सफरच्या पहिल्या तेरा दिवसांना ‘तेरा तेजी’ म्हणतात आणि ते जड मानतात. लोक त्यांचा संबंध प्रेषितांच्या आजारपणाशी जोडतात. ज्यांनी सफरचा अपशकुन खोटा ठरवला, त्यांच्याच नावाने सफर अशुभ! हिंदू शेजारी पितृपक्षात खरेदी टाळतात म्हणून आपण हसायचे आणि तेरा तेजीत घरभरणी पुढे ढकलायची, याला काय म्हणावे? मुहूर्त पाहणारा निदान पंचांग मानतो आणि तसे सांगतो. आपण मानत नाही म्हणतो आणि पाळतो.

इथवर नुकसान फक्त दिवसांचे आहे. खरा अन्याय सुरू होतो तो अपशकुन पक्ष्यावरून उठून माणसावर बसतो तेव्हा. मराठीत सुनेला ‘पांढऱ्या पायाची’ म्हणतात. ती घरात आली आणि सासरा वारला, धंदा बसला, तर दोष तिच्या पायांचा. उर्दूत अशा माणसाला ‘सब्जकदम’ म्हणतात, म्हणजे हिरव्या पायांचा. पायाचा रंग बदलला, जाच तोच. मराठी सासू आणि उर्दू बोलणारी सासू यांचे दुसऱ्या कशावर एकमत होवो न होवो, यावर आहे. नवरा वारलेली बाई मुलीच्या हळदीला मागच्या खोलीत बसते. आपल्यात हळदीला धार्मिक आधार नाही, विधवेला दूर ठेवायला तर मुळीच नाही, तरी ती स्वतःहूनच मागे बसते. कोणी हात धरून पुढे आणले तर म्हणते, नको, चांगल्या कामात माझा हात नको. एवढे तिच्या मनावर बिंबलेले असते. प्रेषितांचा पहिला विवाह हजरत खदीजांशी झाला आणि त्या विधवा होत्या, हे आपण सीरतच्या जलशात दरवर्षी ऐकतो. ऐकून घरी येतो आणि पत्रिका छापताना विसरतो.

कुरआनाच्या यासीन या सूरेत एका वस्तीची गोष्ट आहे. तिथे प्रेषित आले तेव्हा लोकांनी त्यांनाच अपशकुनी ठरवले आणि दगडांनी मारण्याची धमकी दिली. त्यांना उत्तर मिळाले की तुमचा अपशकुन तुमच्याच सोबत आहे. अरबी मूळ शब्दात इथेही ‘ताइर’, म्हणजे पक्षीच आहे. आपल्याकडे मयताच्या उशाशी यासीन वाचण्याची पद्धत आहे. त्याच घरात चाळीस दिवसांनी त्या मयताच्या बायकोला कोणी मनहूस म्हणू लागले, तर यासीन वाचली खरी, ऐकली कोणी?

यात हिंदू-मुसलमान असा भेद नाही आणि सुधारणाही कोणा एकाची मक्तेदारी नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावच्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे, जोडवी काढणे हे सारे थांबवण्याचा तो निर्णय होता. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर गावांनाही हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितले. एका खेड्याने जे कागदावर लिहून ठरवले, ते आपल्या जमातींनी आणि मशीद कमिट्यांनी निदान जुम्याच्या बयानात तोंडाने सांगायला काय हरकत आहे? आमच्यात बांगड्या फोडत नाहीत, असे म्हणून सुटता येणार नाही. बाईला चांगल्या कामातून बाजूला सारणे आमच्यातही आहे.

आणखी एक नवा ऑगर आपल्याकडे आला आहे, त्याचाही उल्लेख करते. तो म्हणजे प्रमुख पाहुणा. आमच्या भागातल्या एका शाळेत देणगीतून पिण्याच्या पाण्याची मशीन बसली. मशीन बसली मार्चमध्ये, पाहुण्यांची तारीख मिळाली एप्रिलच्या शेवटी. तोपर्यंत नळाला लाल फीत बांधलेली आणि मुले घरून बाटल्या आणत होती. रोमन लोक गिधाडांची वाट पाहत, आपण गाड्यांच्या ताफ्याची पाहतो. पाणी दोन्हीकडे थांबलेलेच. पाहुण्यांना बोलवावे, त्यांचा मान ठेवावा, पण तहानलेल्या मुलाने आधी पाणी प्यायले तर त्या मानाला कुठे धक्का लागतो?

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे. शब्दांची चौकशी जरूर करावी. मुलांना वर्गात सांगावे की इनॉग्युरेशनमध्ये गिधाड आहे, शकुनमध्ये पक्षी आहे, फत्तेमध्ये किल्ली आहे. मुले डोळे मोठे करून ऐकतात आणि पुन्हा शब्द विसरत नाहीत. पण चौकशी करून शब्दांना शिक्षा देऊ नये. शब्द निर्दोष असतात. त्यापेक्षा या वर्षी सफर महिन्यात एखादे लग्न ठरवावे. नव्या घराचे कुलूप विधवा आईच्या हातून उघडावे. शाळेच्या नव्या खोलीची फीत रोज तिथे झाडू मारणाऱ्या मावशींना कापायला सांगावे. आणि पत्रिकेवर काय छापायचे ते ज्याने त्याने ठरवावे. उद्घाटन लिहा, इफ्तिताह लिहा, नाही तर सरळ इनॉग्युरेशन लिहा.